आंघोळ घातलेली अवजारं

दि. २ फेब्रुवारी

चि. मापारीणबाईस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मंडळाच्या पत्रिकेतलं आपलं अवजारांचं पान छपाईला द्यायची घाई आहे, असं तू त्यात तीनदा लिहिलंयस. मी बहिरा आहे, आंधळा नाही. एकदा लिहिलेलं पुरतं.

सवलतीच्या दुकानातून या महिन्यात चार वस्तू आणल्या. त्यांचे निकाल कळवतो, ते जसेच्या तसे छाप. मागच्या खेपेसारखी माझी भाषा सौम्य करू नकोस. हौशी कारागिरांच्या मंडळाचे सभासद काही लहान बाळं नाहीत.

पटाश्यांचा सहाचा संच: घ्या. पोलादाला पाणी चांगलं दिलंय, धार धरते. पेचकसांचा डबा, बत्तीस नग: घेऊ नका. त्यातले तीस जन्मात लागत नाहीत आणि लागतात त्या दोनांची टोकं पहिल्याच स्क्रूवर वळली. टेबलाला लावायचा शिकंजा: बघून घ्या. जबडे सरळ मिटतात का, ते दुकानातच उजेडाकडे धरून बघावं, दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा.

चौथी वस्तू म्हणजे गाडीखाली लावायच्या स्टँडची जोडी. लोखंडी तिपाई, तिच्यात वरखाली सरकणारा दांडा, दांड्याला भोकं. हव्या त्या भोकात पिन घातली की दांडा तिथेच अडतो. जॅकने गाडी उचलायची आणि भार या जोडीवर सोडायचा. स्वस्त आहे म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण नेहमीप्रमाणे आंघोळ घातली आणि मग परीक्षा घेतली. तुला माझी सवय ठाऊकच आहे, दुकानातून आलेल्या अवजाराचं तेल पुसायचं, कडांचे काटे कानशीने काढायचे, ढिलं असेल ते घट्ट करायचं, त्याशिवाय मी त्याला हातात घेत नाही. आठ क्विंटल लोखंड चढवून आठ दिवस ठेवलं. केसाइतकं हललं नाही. निकाल: घ्या, डोळे मिटून घ्या.

जावईबापूंनाही त्यांच्या खटाऱ्यासाठी एक जोडी घ्यायला सांग. गाडी विटांवर ठेवून खाली झोपणारा माणूस मला भाचीच्या घरात नको. तुझ्या आईची तब्येत कशी आहे ते लिही. ती स्वतः लिहिते त्यावर माझा विश्वास नाही.

माया आहे तशीच राहू दे.
मामा


दि. २४ फेब्रुवारी

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

आईचं ठीक आहे, गुडघा सोडून. तुमची चौकशी तिला सांगितली, तर म्हणाली, आधी स्वतःच्या कानांचं बघ म्हणावं.

आज एका वेगळ्या कारणाने लिहिते आहे. आपल्या मंडळातले बेकरीवाले तुम्हाला आठवत असतील, दर वेळी बिस्किटांचा पुडा घेऊन येणारे. त्यांनी पान वाचून त्याच आठवड्यात स्टँड आणले. बुधवारी दुपारी गाडीचा पुढचा भाग त्यांवर ठेवून ते खाली काम करत होते. दहाचा पाना लागला म्हणून तो आणायला आत गेले आणि मागे आवाज झाला. परत येऊन बघतात तर गाडी एका बाजूला जमिनीला टेकलेली. त्यांना काही झालं नाही. पण मला हे सांगताना त्यांच्या हातातला कप हलत होता, आणि ते घाबरट माणूस नाहीत.

पडलेल्या स्टँडची पिन वाकली होती. त्यांनी ती रागाने कुठेतरी फेकून दिली, त्यामुळे मला बघायला मिळाली नाही. दुकानात विचारलं तेव्हा कळलं की पान निघाल्यापासून चौदा जोड्या गेल्या. त्यांतले आपले सभासद अकरा, त्यांपैकी दहा जणांना फोन करून गाडीखाली जाऊ नका म्हणून सांगितलं. उरलेल्या तिघांसाठी दुकानाच्या दारावर कागद लावून आले. अकरावा सभासद माझ्याच घरात आहे, म्हणून त्याला फोन केला नाही. त्याचा स्वभाव तुम्ही जाणता.

मामा, तुमची जोडी आठ दिवस उभी राहिली आणि यांची दोन तासांत पडली, हे मला समजत नाही. तुमचे स्टँड पुन्हा एकदा बघाल का? त्यात काही वेगळं आहे का? दोष काढायला म्हणून विचारत नाही. मला भीती वाटते आहे, म्हणून विचारते.

लोभ तर आहेच, उत्तर मात्र लवकर असावे.
तुमची भाची


दि. २८ फेब्रुवारी

चि. मापारीणबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा टाकून दिला. अडतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी. ज्या मापांवर अख्खा कारखाना चालायचा ती माझ्या हाताखालून जायची. आणि आता एका बेकरीवाल्याचा कप हलला म्हणून मी माझं काम पुन्हा तपासायचं?

त्याने काय केलं असेल ते मी इथे बसून सांगतो. मातीवर उभे केले असतील, नाहीतर अंगणाला उतार असेल. दांडा शेवटच्या भोकापर्यंत ओढला असेल. वर गाडीला हिसके देत बसला असेल. पिन वाकली म्हणे, आणि नेमकी तीच फेकून दिली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पाव भाजणाऱ्याने पाव भाजावेत.

आठ क्विंटल, आठ दिवस. हातच्या काकणाला आरसा कशाला? स्टँड माझ्या शेडमध्ये अजून उभे आहेत आणि मी त्यांना हात लावणार नाही. दारावर कागद लावून आलीस, तो काढ. पुढच्या पानात निकाल तोच राहील, घ्या. तुला बदलायचा असेल तर खाली तुझं नाव घाल, माझं नको.

हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. निदान त्यांना तरी कळेल की सपाट जमिनीवर, मधल्या भोकात पिन घालून काम करणाऱ्याला कशाची भीती नाही.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस.
मामा


दि. ५ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत म्हणून पत्र यांना वाचायला दिलं. तेवढी एकच गोष्ट ऐकली आणि तिचाच पश्चात्ताप होतो आहे.

तोपर्यंत कसंबसं थांबले होते. गाडी विटांवरही नको आणि स्टँडवरही नको, असं आमचं ठरलं होतं. तुमचं पत्र वाचून झाल्यावर घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, झालं तर मग, मामांनी सांगितलंय. आमची फरशी सपाट आहे, पिन मधल्या भोकात आहे. येत्या रविवारी गिअरबॉक्स उतरवायला घेणार आहेत. म्हणजे अख्खा दिवस पाठीवर, छातीवर गाडी.

मी काल आमच्या स्टँडची मापं घेतली. लहानपणी तुम्हीच व्हर्निअर हातात दिलात, तेव्हा आता ऐकून घ्या. दांड्याचं भोक सोळा मिलिमीटर. पिन तेरा. तीन मिलिमीटरची ढिलाई, पिन भोकात खुळखुळते. शिवाय ती कच्च्या लोखंडाची आहे. कानस दोनदा फिरवली तर खाच पडली. दुकानात जाऊन आणखी चार जोड्या उघडून बघितल्या. सगळ्या अशाच. दुकानदाराने मला हाकलायचंच बाकी ठेवलं होतं.

हे सगळं यांना मोजून दाखवलं. म्हणाले, मामांच्याही पिना अशाच असणार, तरी आठ दिवस टिकल्या ना? याचं उत्तर तुमच्या शेडमध्ये आहे. कृपा करून तुमच्या पिनचं माप घ्या. एवढंच मागते आहे.

रविवारी मला परीक्षेच्या कामासाठी शाळेत जावं लागेल, चित्रकलेचे पेपर माझ्याकडेच असतात. घरी हे एकटे असतील. जॅक लपवून ठेवला असता, पण शेजाऱ्यांकडेही जॅक आहे. तुमच्या शेजारच्या औषधांच्या दुकानात फोन करून निरोप ठेवायचाही विचार केला. पण तुम्ही रागात आहात, तिथल्या बाईंवरच ओरडाल आणि माप घ्यायचं राहून जाईल. आमचा नंबर पानाच्या तळाशी छापलेला असतो. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. शुक्रवारी, शनिवारी मी फोनजवळच बसेन. त्या बाईंना एवढंच सांगायला सांगा, पिन किती मिलिमीटर.

रागवा, पण मोजा.
तुमची भाची


दि. १० मार्च, रविवार, सकाळी पावणेअकरा

चि. मापारीणबाई,

औषधांच्या दुकानात उभा राहून बिलाच्या कागदावर लिहितो आहे. बाई फोन लावतायत. दोनदा वाजून बंद झाला असं त्यांनी बोटांनी दाखवलं. मला ऐकू येत नाही, फोनवर बोलता येत नाही, काहीच करता येत नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र गुरुवारीच आलं. मी फोडलं नाही. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि फळीवर ठेवून दिलं. म्हटलं बसू दे तिला वाट बघत. तीन दिवस ते तिथे पडून होतं आणि मी जाता येता त्याच्याकडे बघून खूश होत होतो. आज सकाळी फोडलं.

शेडमध्ये गेलो. माझी पिन पंधरा पूर्णांक नऊ. भोकात गच्च बसते, बोटाने ढकलावी लागते. कानस फिरवली तर सटकली, खाच पडली नाही. मला वाटलं, बघ, मी बरोबर होतो. मग पिन उजेडात धरली. तिच्या टोकाला तिरपी कड काढलेली आहे. तशी कड मी काढतो. दुसरं कोणी काढत नाही. ती पिन माझी आहे गं. माझ्या लेथवरची.

बाईंनी पुन्हा लावलाय. मान हलवतायत, उचलत नाहीत. मी सांगितलं, परत लावा. माझा आवाज मोठा होत असणार, कारण गिऱ्हाईकं वळून बघतायत.

दुकानातली पिन शोधली. खिळ्यांच्या डब्याच्या तळाशी, मोडक्या वस्तूंत दोन्ही पडल्या होत्या. तेरा मिलिमीटर, कच्च्या. मी त्या कधी काढल्या ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. आंघोळ घालताना पिन खुळखुळली असेल आणि हातांनी ती काढून दुसरी करून घातली असेल, मला न विचारता. ढिलं असेल ते घट्ट करायचं, असं मीच तुला ऐटीत लिहिलं होतं. मी दुकानातल्या स्टँडची परीक्षा घेतलीच नाही. माझ्या पिनची घेतली. आणि जगाला म्हणालो, डोळे मिटून घ्या.

बेकरीवाल्याला मी काय काय बोललो. आणि ते पत्र त्याच्या खिशात आहे, तुझ्या नवऱ्याच्या. ते वाचून तो गाडीखाली गेलाय.

चौथ्यांदा. बाई म्हणतायत की नुसती घंटा वाजते आहे, कोणी घरात नसेल. त्यांचे ओठ मला वाचता येतात. मी म्हटलं, तो घरात आहे. तो खालीच आहे. वाजवत राहा. ज्याला घंटा ऐकू येते त्याला तिचा कंटाळा येतो, कंटाळला की येईल बाहेर. त्यांनी एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. चांगली बाई आहे. मी तिच्याशी मागच्या वर्षी सुट्ट्या पैशांवरून भांडलो होतो.

पाचव्यांदा लावलाय. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नाही, म्हणून कागदाकडे बघतोय. पिन पंधरा पूर्णांक नऊ. पिन पंधरा पूर्णांक नऊ. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर.

बाई बोलतायत. कोणाशी ते कळत नाही. फोनवर बोलणाऱ्याचा चेहरा चांगल्या बातमीला आणि वाईट बातमीला सारखाच दिसतो. मी ओरडून सांगतोय की पिन माझी होती, पिन माझी होती. त्यांनी माझ्यापुढे हात धरला, गप्प राहा म्हणून. आता पेन मागतायत.

*आजोबा, ते बाहेर आले आहेत. गाडीखाली कोणी नाही. बसून घ्या, मी पाणी देते.*

वरचं अक्षर बाईंचं आहे. मला आता पुढे लिहवत नाही.
मामा


दि. १० मार्च, संध्याकाळी

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

आजवर तुमच्या भाचीच्या पत्राच्या खाली दोन ओळी लिहायचो. आज पूर्ण पत्र लिहितोय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सकाळी नऊला खाली शिरलो. गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट सोडवायला जोर लावावा लागतो, सगळी गाडी हलते. फोन वाजायला लागला तेव्हा म्हटलं वाजू दे. पुन्हा वाजला. चौथ्या वेळेला मी मोठ्याने एक वाईट शब्द उच्चारला, तो तुम्हाला कळवत नाही. पाचव्या वेळी रिसीव्हर काढूनच ठेवतो, अशा रागाने बाहेर आलो. एक अनोळखी बाई म्हणत होत्या की गाडीखाली जाऊ नका, आणि त्यांच्यामागून तुमचा आवाज येत होता. पिन माझी होती, हे मी निदान दहा वेळा ऐकलं. त्याचा अर्थ लागला नाही. पण तुम्हाला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून परत खाली गेलो नाही.

जॅक लावून भार काढला आणि पिना उपसायला गेलो. उजवी निघाली. डावी निघेना. हातोडीने ठोकून काढावी लागली. बाहेर आली तेव्हा धनुष्यासारखी वाकलेली होती आणि मधोमध एका बाजूला चीर पडली होती. मी तिच्या खाली पावणेदोन तास होतो. पायरीवर जाऊन बसलो.

तुमची भाची शाळेतून आली. मी पिन तिच्यापुढे ठेवली. तिने पर्स खांद्यावरून न काढताच व्हर्निअर घेतलं, वाक किती आहे ते मोजलं, वहीत लिहिलं आणि आत गेली. आत नळ बराच वेळ चालू होता. ती रडते तेव्हा नळ चालू ठेवते, हे मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं.

मामा, तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घ्याल, म्हणून आधीच लिहितो. तिने मोजून दाखवलं ते मी मानलं नाही. तुम्ही न मोजता लिहिलंत ते मानलं, कारण तुम्ही मामा आहात आणि ती रोज घरात दिसते. ही चूक तुमच्या खात्यात टाकून मला मोकळं होता येणार नाही. तिला मी अजून हे बोललो नाही. आधी तुम्हाला लिहून बघतोय.

दुकानदाराने उरलेल्या जोड्या फळीवरून काढल्या. बाहेरच्या तिघांपैकी दोघे कागद वाचून जोड्या परत करून गेले. तिसरा अजून आलेला नाही.

आशीर्वाद असू द्या, आज ते जास्तच लागतायत.
तुमचा जावई


दि. १६ मार्च

चि. मापारीणबाई व चि. जावईबापू यांस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिसरा माणूस आला की नाही ते रोज कळव. पोस्टकार्डावर एक शब्द लिहिलास तरी चालेल. दरम्यान मी पंधरा पूर्णांक नऊच्या अठ्ठावीस पिना केल्या आहेत. आज पार्सलने पाठवतो. पण त्या वाटायच्या नाहीत. जोड्या परतच करायला लावा. माझ्या पिनमुळे पुन्हा कोणाचा वाईट स्टँडवर विश्वास बसायला नको. मग पिना कशाला केल्या, असं विचारशील. हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून केल्या. ठेव कुठेतरी.

बेकरीवाल्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यांचं उत्तर आलं नाही आणि ते यावं अशी माझी अपेक्षाही नाही.

पानात छापायचा मजकूर असा. स्टँड: घेऊ नका, घेतले असतील तर आजच परत करा, मामांनी केलेली परीक्षा खोटी होती. खोटी हाच शब्द ठेव, सौम्य करू नकोस. त्याखाली: तीन वर्षांत या पानावर मामांनी ज्यांना घ्या म्हटलं त्या एकेचाळीस वस्तूंचे निकाल मागे घेतले आहेत. मी आठवडाभर शेडमध्ये एकेक वस्तू काढून तपासली. पटाश्यांची धार माझी आहे, ती दुकानातली नव्हेच. रंध्याचं पातं मी घासलेलं. पक्कडीचा खिळा मी बदललेला. करवतीचे दात मी लावलेले. एकेचाळीसपैकी जशीच्या तशी राहिलेली वस्तू मला फक्त एक सापडली, ती म्हणजे मोजायची फीत.

कारखान्यात म्हणायचे की मामाच्या हातात वाईट अवजारही चांगलं चालतं. अडतीस वर्षं मी ते कौतुक समजत होतो.

पुढचं पान तू लिही. वस्तू डब्यातून निघेल तशी वापरायची, आणि वापरणारा असा हवा की ज्याला ती दुरुस्त करता येत नाही. असा माणूस तुझ्या घरातच आहे, आणि आता तुझं ऐकेलही. जावईबापू, हे चेष्टेत लिहिलंय, पण तेवढंच खरंही आहे. आणि मला लिहिलंत ते तिला तोंडाने सांगा. तिला ऐकू येतं.

तुझ्या आईला सगळं मीच कळवलं आहे. तिने उलट टपाली एकच ओळ लिहिली, पत्र आलं की फोडत जा.

माया ठेव म्हणायचा हक्क या महिन्यात मला नाही. तरी ठेव.
मामा